मासा भाजायचा, पण विचारून

आरमोरी, जि. गडचिरोली
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. भाचीबाईस,


तुझा निरोप फोनवर मिळाला. भाऊबीजेला येतेस, गावची मंडईची जत्रा होईपर्यंत राहतेस, सोबत पुण्याचे आठ-दहा मित्रमैत्रिणी आणि होणाऱ्या सासरची मंडळी, हे कळल्यापासून तुझी मामी ताटं मोजत बसली आहे. त्यापाठोपाठ तू त्या लोखंडी पेटीचा फोटो धाडलास. खाली चार पाय, वर जाळी, मधे कोळशाचा खण. ‘मामा, नदीवर मासे भाजू. सगळं मी बघते, तुम्ही फक्त बसा.’

बसतो. पण त्याआधी हे पत्र वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच ‘हो हो, कळलं’ म्हणाली असतीस, आणि इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर ‘कळलं’ या शब्दावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

आधी तुझ्या बाबांची एक गोष्ट. ती तुला घरी कुणी सांगितली नसणार, कारण तिच्यात फजिती माझी आहे आणि तुझे आईबाबा दोघंही सज्जन आहेत.

१९९१ चा डिसेंबर होता. तुझ्या आईचा साखरपुडा होऊन आठ दिवस झाले होते आणि वर्ध्याकडची व्याही मंडळी गाव बघायला येणार होती. त्यांना वैनगंगेच्या वाळूत जेवण द्यायचं माझ्या डोक्यात आलं. नवी नोकरी, नवी लूना, अंगात भारी उत्साह. मी चांगला तीन किलोचा रोहू घेतला आणि अख्खाच भाजायचं ठरवलं, कारण अख्खा मासा रुबाबदार दिसतो. वाळलेली लाकडं रचली, कमरेइतका जाळ केला आणि त्यावर कुंपणाची उरलेली तारेची जाळी टाकली. जस्ताचं पाणी दिलेली जाळी तापली की तिचा धूर वाईट असतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! वीस मिनिटांत मासा वरून कोळसा झाला. सुरी घालून बघतो तर कण्याजवळ गुलाबी आणि गार. उलटवायला गेलो तर कातडी जाळीला धरून बसली आणि अर्धा मासा विस्तवात पडला.

तेवढ्यात डोंगा काठाला बांधून एक म्हातारे ढिवरकाका वर आले. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, भाजून नाही राहिले तुम्ही, जाळून राहिले.” मग त्यांनी एका काठीने माझा सगळा जाळ पसरून टाकला, खाली बसले, बिडी पेटवली आणि ती संपेपर्यंत काहीच केलं नाही. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली तेव्हा कुठं आपल्या टोपल्यातल्या चार मरळी बाहेर काढल्या. आम्ही जेवलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याआधीच तुझ्या बाबांनी माझ्या रोहूचा एक तुकडा, अर्धा काळा नि अर्धा कच्चा, मुकाट्याने खाल्ला होता आणि म्हणाले होते, “छान आहे. जरा धुराची चव लागते एवढंच.” घरी आल्यावर मी आईला सांगितलं, पोरगी सुखात राहील.

तो रोहू मी ढिवरांकडूनच घेतला होता. घेताना ‘हा भाजायला बरा का?’ एवढं विचारलं असतं तर दुपार वाचली असती. पण मी पडलो गुरुजी. आमच्या जातीला प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय, विचारायची नाही. म्हणून सांगतो, पेटीबरोबर आलेलं माहितीपत्रक पुण्यालाच राहू दे. इथं कुणाला काय विचारायचं ते मी लिहितो.

पहिलं विचारणं ढिवरांना. आपल्याकडे पाण्याला मालक नाही असं बाहेरच्यांना वाटतं, पण तसं नाही. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळत असे. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नेमका हेरून पाळी घातल्या आणि या झाडीपट्टीत तलावामागे तलाव उभे राहिले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपल्या तोंडी मामा तलाव. (लहानपणी ते सगळे तुला तुझ्या मामाचे वाटायचे. तो गैरसमज मीही बरेच दिवस दूर केला नव्हता.) आज अशा कितीतरी तलावांत मासेमारीचा ठेका ढिवर-भोयांच्या सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज ते सोडतात, रात्रीची राखण तेच करतात. तेव्हा गळ टाकला आणि निघाला तो आपला, असा हिशेब इथं चालत नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन सांगायचं: माणसं इतकी, आणि मासा भाजायचा आहे. अमुकच मासा हवा असा हट्ट धरायचा नाही. पाण्यात काय आहे ते त्यांना ठाऊक असतं.

माझा अंदाज, ते मरळ देतील. भाजायला तिच्यासारखा मासा नाही. कातडी जाड, मांस घट्ट, आणि मधला काटा काढला की बारीक काटे जवळपास नाहीत, म्हणून पोरंसोरं नि म्हातारी माणसं निर्धास्त खातात. मरळ वरची हवाही घेते, त्यामुळे ओल्या पोत्यात तासन् तास जिवंत राहते आणि ताजेपणाची पारख करावी लागत नाही. बाकीच्या माशांची करावी लागते. कल्ला उघडून बघ, लालभडक हवा. डोळा फुगीर नि स्वच्छ हवा, बोटाने दाबलेलं मांस परत वर आलं पाहिजे. पण मरळ कधी मागायची हेही कळायला हवं. पावसाळ्यात ती तांबूस पिलांचा घोळका राखत फिरते. त्या दिवसांत मरळ धरली तर तो सगळा घोळका उघडा पडतो. दिवाळीनंतर हरकत नाही.

रोहू मिळाला तर नाराज होऊ नकोस, फक्त माझ्यासारखा अख्खा जाळावर ठेवू नकोस. त्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळक्याचे बारीक काटे असतात. बगदादला तैग्रिस नदीच्या काठी रोहूच्याच कुळातला मासा भाजतात, त्याला मसगूफ म्हणतात. तो पाठीकडून चिरून पुस्तकासारखा उघडतात, चिंच, हळद, मीठ लावतात आणि विस्तवाच्या शेजारी उभा करतात, विस्तवावर नाही. हे मी वाचलं तेव्हा मला ते ढिवरकाका आठवले. त्यांनीही त्या दिवशी उरलेला रोहू पाठीकडून उघडला, हिरवा बांबू मधोमध चिरून त्याच्या चिमट्यात धरला, पळसाच्या मुळीच्या वाखाने टोक बांधलं आणि निखाऱ्यांच्या कडेला वाळूत रोवून दिला. बगदाद त्यांनी नकाशातही पाहिलं नसेल.

बांबूचा चिमटा करशील तेव्हा पेर चिरूनच घे. बंद पेर तापलं की आतली वाफ कोंडून ते फटाक्यासारखं फुटतं. नदीतल्या ओल्या गोट्यांची चूलही मांडू नकोस, तेही त्याच कारणाने फुटतात. आणि काडी म्हणून कण्हेरीची फांदी कुणी तोडून आणली तर फेकून दे, ती विषारी असते.

दुसरं विचारणं विस्तवाला. लाकूड बाभळीचं किंवा धावड्याचं घे, त्याचा निखारा टिकतो. कुणी हौसेने जंगलकाठचं जळण आणलं तर त्यात बिब्बा नाही ना, हे आधी बघायचं. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात आणि त्याचा धूरही सोसत नाही. एकदा आमच्याकडे अशाच एका जेवणावळीनंतर दोघं आठ दिवस सुजलेल्या तोंडाने फिरत होते. लाकडं मासा येण्याच्या तासभर आधी पेटव. ज्वाळा असेपर्यंत नुसत्या गप्पा. ज्वाळा विझल्या, निखारे लाल झाले, त्यावर राखेची साय धरली, की तळहात वीतभर उंचीवर धरायचा. चार आकडे मोजेपर्यंत हात सोसला आणि पाचव्याला मागे घ्यावासा वाटला, म्हणजे विस्तव हो म्हणाला. निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेव, म्हणजे घाई झालेल्या माशाला सरकायला जागा राहते. तुझी पेटी इथं कामाला येईल. जाळी आधी कडकडीत तापू दे, मग तेलाचा बोळा फिरव. गार जाळीवर ठेवलेला मासा चिकटणारच.

मसाल्याचं फार मनावर घेऊ नकोस. मरळीचा बुळबुळीतपणा चुलीतली राख चोळून काढायचा आणि मग ती खळाळून धुवायची. लसूण, लाल मिरची, हळद, मीठ, मूठभर सांभार, आणि चिंचेचा कोळ. (तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांभार म्हणजे कोथिंबीर हे आधी सांग, नाहीतर त्या इडली शोधतील.) चिंच चवीपुरती नाही. तलावातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. तळातले सूक्ष्म जीव ते तयार करतात, आणि पहिल्या पावसात मातीचा जो सुगंध येतो त्यातही तेच असतं. नाकाला जे आवडतं ते जिभेला चालत नाही, असा हा प्रकार. आंबटाने ते मोडतं. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या चिंच नाहीतर अंबाडी घालत आल्या, त्यांना जिओस्मिनचं नाव ठाऊक असायची गरज पडली नाही. जवसाचं तेल मात्र भाजताना लावू नकोस, ते लवकर करपून कडू होतं. मासा उतरल्यावर वरून सोड.

बारक्या मासोळ्या मिळाल्या तर जाळी बाजूला ठेव आणि पानं घे. हे मी भामरागडला शिकलो. चार वर्षं तिकडे नोकरीला होतो. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा तिथं एकत्र येतात, आणि पाणी उतरलं की माझ्या वर्गातली माडिया पोरं संध्याकाळी तिथंच सापडायची. त्यांच्याकडे ना तेल, ना मसाला. मासोळ्यांना मीठ लावायचं, तीन पदरी पानांत पुडी बांधायची, वरून सागाचं पान, आणि पुडी निखाऱ्यांत पुरायची. बाहेरचं पान जळून जायचं, मधलं करपायचं, आतलं हिरवटच राहायचं. पुडी सोडली की वाफेबरोबर पानाचाच एक वास यायचा. सागाचं कोवळं पान बोटावर चोळलं तर बोट लाल होतं, तसाच लालसर डाग कधी मासोळीवर उतरलेला असायचा. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, किती वेळ ठेवायची? एक पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने पुडीला कान लावल्यासारखं केलं. ओल्या पानांचा चुरचुर आवाज थांबला की काढायची, हे त्याचं घड्याळ.

म्हणजे तिसरं विचारणं माशालाच. डोक्यामागे जिथं मांस सगळ्यात जाड असतं तिथं बांबूची बारीक काडी घाल. अडली तर अजून वेळ आहे. अलगद आत गेली, मांस काचेसारखं न राहता पांढरं झालं आणि काट्यापासून आपसूक सुटलं, तर उतरव. गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खायचा नसतो, त्यात किडे असू शकतात. आणि सारखा उलटवू नकोस. तयार झालेली बाजू जाळीला आपणहून सोडते. सोडत नसेल तर ती अजून नाही म्हणते आहे.

चौथं विचारणं नदीला आणि जंगलाला. तुझ्या मनात आपल्या वावरात जेवण करायचं असेल तर ते काढून टाक. तेव्हा बांधांवर धानाचे पुंजणे रचलेले असतील आणि एक ठिणगी शेतकऱ्याचं वर्ष नेते. जंगलाच्या कडेलाही नको. राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच, आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात त्यातून किती वणवे लागतात ते आम्ही दरवर्षी बघतो. वाळू सगळ्यात बरी. पण वाळूही विचारून. वर गोसीखुर्दला धरणाची तेहतीस दारं आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस तिथून पाणी सुटलं तेव्हा वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीकडच्या गावांत पाणी शिरलं होतं. दिवाळीनंतर तसा धोका नसतो, तरी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पात्रात उतरायचं नाही, हा नियम बारा महिने.

वनरक्षकाला मी स्वतः विचारून ठेवतो. वाघ इथला रहिवासीच आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही धानाच्या वासाने फिरत असतात. कळप कुठं आहे ते कळल्यावर दिवस पक्का करू. जेवण दुपारचं. सूर्य कलायच्या आत विस्तवावर पाणी, आणि पाणी ओतल्यावर हाताने चाचपून बघायचं. नुसती वाळू लोटली तर निखारा खाली तासन् तास धगधगतो आणि अनवाणी पोरांचे पाय भाजतात. माशांची आतडी, खवले, काटे काठावर टाकायचे नाहीत, पोत्यात भरून परत आणायचे नि परड्यात खोल पुरायचे.

तुझ्या मित्रांना अजून एक आधीच सांग. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बायांनी गावोगाव लढून ती आणली. बाटली पिशवीत असेल तर ती पिशवी पुण्यालाच राहू दे. तहान लागली तर अंबाडीचं सरबत आहे.

भात मामी करणार, एचएमटी तांदळाचा. हा तांदूळ तुझी मित्रमंडळी दुकानातून घेत असतील, पण तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी घडवला, हे त्यांना ठाऊक नसेल. थोडकी जमीन, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि पुढची कितीतरी वर्षं तेच बी निवडत, पेरत राहिले. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून वाणाला ते नाव पडलं. २०१८ मध्ये ते गेले. जेवताना एवढं सांग, भात उष्टा टाकायची कुणाची हिंमत होणार नाही.

जमलं तर जेवण मंडईच्याच दिवशी ठेवू, त्या रात्री मंडईतलं नाटक आहे. वडशाहून कंपनी येणार, पहाटेपर्यंत चालेल. म्हणून दुपारचं जेवण पोट जड करणारं नको. भाजलेला मासा, भात, जवसाची चटणी, बस.

आता पाचवं विचारणं राहिलं, ते तू करायचं आहेस. येणाऱ्यांपैकी मासा कोण खातं आणि कोण खात नाही? तुझ्या होणाऱ्या सासूबाई माळकरी आहेत असं तुझी आई एकदा म्हणाली होती. तसं असेल तर त्यांच्यासाठी गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी होईल, वेगळा विस्तव, वेगळा चिमटा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे माशाचा धूर त्यांच्याकडे जाणार नाही. त्यांना कडेला बसवून ‘तुम्हाला काय चालतं?’ हे ऐनवेळी विचारणं बरं नाही. आजच विचार आणि एकूण ताटं किती ते कळव, मामीचं मोजणं थांबेल.

बाकी विस्तवापाशी कोण बसणार ते ठरलेलं आहे. तू बसशील आणि मी तुझ्या शेजारी गप्प बसेन. जावईबुवांसाठी मात्र एक तुकडा मी स्वतः भाजणार आहे, वरून जरासा करपलेला. तो खाऊन ते काय म्हणतात ते मला ऐकायचं आहे. हे तेवढं त्यांना आधी विचारायचं नाही.

वाट बघतो.

तुझा,
मामा